आरोपी मिळत नाही म्हणून फाईल मिटवून ठेवणाऱ्या साहेबांना खुले पत्र

प्रति,
ज्यांच्या कपाटात आमच्या ताईची आणि तिच्या दोन लेकरांची फाईल आहे ते सगळे साहेब, आधीचे, आत्ताचे आणि बदलून येणारे

विषय: फरार आरोपीचा शोध थांबवल्याबाबत

साहेब, नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. दीड पान आहे, त्यातलं पाऊण पान जावक क्रमांक, संदर्भ आणि कलमं, आणि मधीच एक वाक्य की आरोपीचा वेळोवेळी शोध घेतला पण तो मिळून येत नाही, नजीकच्या काळात मिळून येईल असं दिसत नाही, म्हणून केस डॉर्मंट फाईलला गेली. म्हणजे इथून पुढं तारीख पडणार नाही. आरोपी सापडला की केस परत उघडते हे मला वकिलांनी सांगितलंय, तुम्हीपण तेच सांगाल, पण तो आपोआप सापडणार आहे का आणि शोधायचं कुणी हे त्या दीड पानात कुठंच नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांच्या समोर लिहितोय. आत्तापर्यंत दिलेल्या अर्जांच्या पोचपावत्या माझ्याकडं आहेत, उत्तरं नाहीत.

मी विट्याचा. ठाण्याचं, गावाचं, कुठल्या साहेबाचं नाव ह्यात टाकत नाही. घाबरून नाही. नाव टाकलं की काय होतं ते बघितलंय, एखाद्या हवालदाराची बदली होते, नवा माणूस येतो आणि पहिल्या पानापासून वाचायला लागतो, आणि आम्ही परत पहिल्या पानापासून सांगायला लागतो. ज्यांना कळायचं त्यांना नावाशिवाय कळतंय. लेकरांची नावं तर मुद्दामच नाहीत, त्यांचे फोटो तेव्हा व्हॉट्सॅपवर जेवढे फिरले तेवढे पुरे झाले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ताई माझ्यापेक्षा मोठी. शेजारच्या जिल्ह्यात, माणदेशात दिली होती. नवरा गलाईवाला, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारा, लग्नानंतर बरीच वर्षं दोघं साऊथला होते, मग धंद्यात खोट आली आणि गावाकडं आले. 2019 चा ऑगस्ट संपत आला होता, सांगलीत कृष्णेचं पाणी ओसरून चिखल काढायचं चालू होतं, आमचे निम्मे पाहुणे त्या चिखलातच होते. एका सकाळी शेजारच्या आजी दूध द्यायला गेल्या तर दार नुसतं लोटलेलं. ताई, भाचा, भाची, तिघांचापण जीव गेलेला. नवरा घरात नव्हता. त्याची मोटरसायकल मिरज जंक्शनच्या बाहेर सापडली. मोबाईल बंद, आदल्या दिवशी एटीएममधनं पैसे काढलेले. तेव्हापासून त्याला बघितला असं सांगणारा एक माणूस नाही. बाकीचं मी लिहिणार नाही, कुणी विचारू पण नये.

आणि एक आधीच स्पष्ट करतो. त्यानंच केलं असं मी कोर्टाच्या आधी ठरवत नाही. आमची आई ठरवून मोकळी झालीय, तिला कोण काय म्हणणार. पण माझं म्हणणं एवढंच की ठरायचं असेल तर तो कोर्टात उभा राहिला पाहिजे, आणि नसेल केलं तर बायकापोरांच्या मातीला न थांबता माणूस गेला कुठं हे तरी त्यानं येऊन सांगावं. तुम्ही चार्जशीटमध्ये त्याचंच एकट्याचं नाव टाकलंय. मग शोधायचं कामपण तुमचंच आहे.

आता तक्रारी. पहिली अगदी सुरवातीच्या दिवसांची. पुराचा बंदोबस्त होता, पुढाऱ्यांचे दौरे होते, पोलिसांची झोप उडाली होती हे मला मान्य आहे. पुरात पोलिसांनी छातीभर पाण्यात उतरून माणसं काढली ती आम्ही डोळ्यांनी बघितली, त्याबद्दल एक शब्द नाही. पण मिरजेच्या स्टेशनवरचं फुटेज मागायला एक माणूस पाठवायला किती वेळ लागतो? मागितलं तोवर त्याच्यावर दुसरं रेकॉर्डिंग बसलं होतं. मिरजेतनं पुण्याला गाडी आहे, बेळगाव हुबळीवरनं बेंगळुरूला आहे, पंढरपूर कुर्डुवाडीकडं आहे. तो कुठल्या गाडीत चढला एवढं जरी कळलं असतं तरी निम्मा देश शोधायचा वाचला असता.

मग विधानसभेचं इलेक्शन आलं, साहेब बंदोबस्तात. मग मार्च 2020, लॉकडाऊन. तेव्हा आम्हीपण गप्प बसलो, लोक मरत होते, आपली केस घेऊन कुठं जाणार. पण एक गोष्ट तेव्हापण मी लेखी दिली होती आणि आजपण सांगतो. त्या उन्हाळ्यात देशभरातले गलाईवाले गाड्या भरभरून विटा, आटपाडी, खानापूर, तासगाव, खाली माण खटावपर्यंत परत आले. प्रत्येकाची ग्रामपंचायतीत नोंद झाली, कुठनं आला, कुणाबरोबर आला, कुठल्या शाळेत क्वारंटाईन. परत जाताना ई-पास. एवढी तयार यादी पोलिसांना ना आधी कधी मिळाली होती ना परत मिळणार. त्यातनं ‘ह्या गावात ह्या दुकानात आमच्याकडचा एक नवीन कारागीर होता, तो मात्र गावाकडं आला नाही’ एवढं विचारायचं होतं. कुणी विचारलं नाही.

दुसरं, अधिकारी. किती बदलले ते मोजायचं मी सोडून दिलं. वाईट कुणीच नव्हतं. एक साहेब तर फार चांगले होते, स्वतः आईला भेटायला आले, चहा घेतला, डायरीत लिहून घेतलं, आणि दिवाळीच्या आत त्यांची बदली झाली. त्यांची डायरी त्यांच्याबरोबर गेली असणार कारण पुढच्या साहेबांना त्यातलं काय म्हणजे काय माहीत नव्हतं.

तिसरं ऐकून वाचणाऱ्यांना हसू येईल. माहितीच्या अधिकारात विचारलं की आरोपीच्या शोधासाठी काय काय केलं, कुठं पथक पाठवलं. उत्तर आलं की कलम 8(1)(ह) प्रमाणे माहिती देता येत नाही, दिली तर तपासाला बाधा येईल. आणि त्याच ठाण्यातनं आत्ता हे पत्र, की आता काही करण्यासारखं उरलेलं नाही. मग बाधा कशाला येणार होती ओ?

चौथी तक्रार माझ्या मनाला सगळ्यात जास्त लागलीय. त्या शेजारच्या आजी, ज्यांनी पहिल्यांदा बघितलं आणि ज्यांनी आदल्या रात्रीची भांडणं ऐकली होती, त्या गेल्या. वय झालं होतं. पोलिसांनी त्यांचा जबाब घेतलाय, पण पोलिसांसमोरचा जबाब म्हणजे पुरावा नव्हे, साक्ष कोर्टात व्हावी लागते. आरोपी फरार असला तरी कोर्टाला साक्षी नोंदवून ठेवता येतात, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत त्यासाठी कलम 299 होतं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 335 आहे. साक्षीदार पुढं मेला तरी ती साक्ष वापरता येते, कलम त्याच्यासाठीच आहे. आम्ही अर्ज दिला की आजींची साक्ष नोंदवून घ्या, त्यांचं वय बघा. बघतो म्हणाले. बघेपर्यंत आजी गेल्या. आता ज्या डॉक्टरांनी पोस्टमॉर्टेम केलं ते रिटायर होतील, पंच गाव सोडून कामाला जातील, उद्या तो सापडला आणि कोर्टात उभा केला तरी त्याच्यासमोर साक्षीला कोण उभं राहणार?

पाचवी तक्रार जमिनीची, आणि हे पत्र आत्ताच लिहायचं खरं कारण पण ते. त्याच्या नावावर वाटणीची जमीन आहे. टेंभू योजनेचं पाणी आल्यापासून तिकडं जमिनीला किंमत आलीय, कुसळं उगवायची तिथं डाळिंब आणि ऊस उभा आहे. फरार घोषित करून जप्ती आणायची कायद्यात सोय आहे, आधी कलम 82 आणि 83 होतं, आता 84 आणि 85. जाहीरनामा निघाला, चावडीवर चिकटवला, जप्तीचं पुढं काय झालं ते कुणी सांगत नाही, सातबाऱ्यावर तर कसलीच नोंद नाही. जमीन त्याचे भाऊ कसतात. त्यांच्याशी माझं भांडण नाही, त्यांनी काय केलं नाही. पण येत्या ऑगस्टला सात वर्षं पूर्ण होतात. सात वर्षं माणसाचा पत्ता नसला तर कायद्यानं तो मयत धरता येतो, आणि त्यांनी वकील गाठलाय, तलाठ्याकडं वारस नोंदीची चौकशी करून आलेत हे आम्हाला गावातनंच कळलं.

म्हणजे बघा हां काय होणार आहे. तुम्ही म्हणताय सापडत नाही, ते म्हणणार मेला, आणि कागदावर दोन्ही जुळणार. एकदा कोर्टानं मयत घोषित केलं की कुठला अधिकारी मेलेल्या माणसाला शोधायला पथक पाठवणार आहे? प्रवासभत्त्याचं बिल कोण मंजूर करणार? आमच्या वकिलांचं म्हणणं असं की हा सात वर्षांचा नियम ज्याची खबर घरच्यांना सहज लागली असती अशा माणसासाठी आहे. दर्यावर गेला, पुरात वाहून गेला, रागानं घर सोडून गेला. ज्याच्यावर तीन खून केल्याचा आरोप आहे तो घरी फोन करणारच नाही, त्यामुळं त्याच्या गप्प राहण्यातनं तो मेला असं निघत नाही. पण हे कोर्टात उभं राहून सांगणार कोण? आम्ही त्या जमिनीचे वारस नाही, आम्हाला विचारतं कोण. सरकारनंच सांगायला पाहिजे.

आणि तो खरंच मेला असेल तर? असू शकतो. मी नाही म्हणत नाही. पण मग तेही शोधूनच ठरवा ना. बेवारस मृतदेहांची नोंद प्रत्येक राज्यात असते, त्याच्या सख्ख्या भावाचं रक्त घेऊन डीएनए जुळवता येतो. भावांना विचारा, माझ्या माहितीप्रमाणं त्यांचं सँपल आजपर्यंत कुणी मागितलेलं नाही. घरातनं हाताचे ठसे उचलले होते, ते देशपातळीवरच्या नाफिस सिस्टीममध्ये टाकलेत का? ती सिस्टीम 2022 पासून चालू आहे, दुसऱ्या राज्यात तो चोरीमारीत जरी पकडला गेला असेल आणि खोटं नाव सांगून सुटला असेल तरी ठसा खोटं सांगत नाही.

तुम्ही म्हणाल, एवढा मोठा देश, एक माणूस कसा शोधायचा. साहेब, मी मागची काही वर्षं रात्री झोप लागत नाही म्हणून ह्याच गोष्टी वाचत असतो. फ्रान्समध्ये नांत म्हणून शहर आहे. तिथं 2011 च्या एप्रिलमध्ये झाव्हिए दुपों द लिगोनेस नावाच्या माणसाची बायको आणि चार मुलं घराच्या मागं पुरलेली सापडली, संशय त्याच्यावरच. 21 एप्रिलला प्रेतं सापडली आणि तो शेवटचा दिसला होता 15 तारखेला, दक्षिण फ्रान्समधल्या एका स्वस्तातल्या हॉटेलातनं बाहेर पडताना, गाडी तिथंच सोडून. म्हणजे पोलीस शोधायला लागायच्या आधीच त्याला जवळजवळ आठवडा मिळाला होता. आजपर्यंत सापडला नाही. एवढा श्रीमंत देश, पण हुकला तो हुकला. हे मी तुमच्याच बाजूनं सांगतोय. पण पुढचं ऐका. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे आमची ताई जाऊन दीडएक महिना झाला होता, कुणीतरी खबर दिली आणि स्कॉटलंडमध्ये ग्लासगोच्या विमानतळावर एका म्हाताऱ्याला धरलं, जगभर बातमी झाली, डीएनए केला, तो दुसराच निघाला, सोडून दिला. पोलिसांचं हसं झालं. पण माझ्या डोक्यात बसलं ते वेगळंच, की आठ वर्षांनी एक खबर आली आणि दोन देशांचे पोलीस धावले. आमच्या केसमध्ये खबर द्यायला कुणाला नंबर तरी माहीत आहे का?

दुसरी गोष्ट जॉन लिस्टची, अमेरिकेतली. अकाउंटंट होता. 1971 च्या नोव्हेंबरात न्यू जर्सीतल्या वेस्टफिल्ड गावात त्यानं बायको, आई आणि तीन मुलं मारली आणि गायब झाला. जवळजवळ 18 वर्षं सापडला नाही. मग 1989 मध्ये एका शिल्पकारानं, आता म्हातारपणी तो कसा दिसत असेल असा मुखवटा बनवला, तो टीव्हीवर दाखवला, आणि त्याच्या जुन्या शेजाऱ्यांनी ओळखला. व्हर्जिनियात नाव बदलून, दुसरं लग्न करून राहत होता. आणि काय करत होता माहिताय? अकाउंटंटचंच काम. आणि पहिल्यासारखाच त्याच ल्यूथरन पंथाच्या चर्चला जायचा. नाव बदललं, गाव बदललं, बायको बदलली, पण हातातलं काम आणि देव तेच ठेवले.

साहेब, हेच मला तुम्हाला सांगायचंय. आमचा माणूस गलाईवाला आहे. त्याला दुसरं काय येत नाही. दहावी नापास झाल्यावर मामाबरोबर गेला तो मूस, भट्टी, तेजाब म्हणजे ॲसिड, ह्यातच मोठा झाला. हा धंदा कसा चालतो ते बाहेरच्याला माहीत नसतं म्हणून सांगतो. सराफ बाजाराच्या बोळात एक दहा बाय दहाची खोली, जुने दागिने वितळवायचे, टाकणखार टाकायचा, तेजाबात चांदी तांबं विरघळवून शुद्ध सोनं वेगळं काढायचं. कोईमतूर, विजयवाडा, कोलकाता, कुठल्यापण सराफ बाजारात जावा, गलाईच्या दुकानात आमच्या भागातला माणूस भेटणार. आणि कारागीर ठेवताना बायोडेटा कोण बघत नाही, ‘गावाकडचा पोरगा आहे, हात चांगला आहे’ एवढ्यावर काम. झोपायला दुकानात, जेवायला शेठकडं, पगार रोख. पळून गेलेल्या माणसाला ह्यापेक्षा सोयीचं दुसरं काय आहे? आणि शोधणाऱ्याला ह्यापेक्षा सोपं तरी काय आहे? ह्या धंद्यातला प्रत्येक माणूस दुसऱ्या कुणाचा तरी मेहुणा नायतर चुलता आहे. माझे दोन चुलतभाऊ ह्या धंद्यात आहेत, त्यांना मी विचारून थकलो, पण पोराच्या विचारण्यात आणि पोलिसांच्या विचारण्यात फरक आहे. पोलिसांचं पथक एकदा साऊथला जाऊन आलं म्हणतात, त्याच्या जुन्या दुकानावर. अहो, जिथं त्याला सगळे ओळखतात तिथं तो कशाला जाईल?

देवाचं पण तसंच. त्याचं कुलदैवत खरसुंडीचा सिद्धनाथ. साऊथला होता तेव्हा सुट्टी नसली तरी चैत्रात यायचाच, नुसतं दर्शन घेऊन रात्रीच्या गाडीनं परत जायचा. आता येईल का? मी नाही सांगू शकत. पण यात्रेला बंदोबस्त तर असतोच ना, त्या पोलिसांच्या मोबाईलवर त्याचा फोटो असायला काय हरकत आहे? मी विचारलं तर तिथल्या एका पोरसवदा शिपायानं मलाच विचारलं, कोण आरोपी?

फोटोवरनं आठवलं. गावातली पोरं म्हणतात, आपणच फोटो टाकू सगळ्या ग्रुपवर, बघू कसा सापडत नाही. मी नको म्हणलंय, आणि का ते इथं लिहून ठेवतो. 2018 च्या 1 जुलैला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून जमावानं पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं, ती माणसं आपल्या मंगळवेढ्याकडची होती. आपल्या सांगली जिल्ह्यात जत तालुक्यात लवंग्याला 2022 मध्ये चार साधूंना असंच संशयावरनं बेदम मारलं. सात वर्षांपूर्वीचा फोटो, दाढीमिशी वाढलेली, चेहरा बदललेला, कुठल्यातरी परक्या गावात त्याच्यासारखा दिसणारा एखादा गरीब कारागीर लोकांनी बडवला तर त्याचं पाप मी कुठं फेडू? म्हणून फोटो पोलिसांनी काढला पाहिजे, पोलिसांच्या नंबरसकट, ‘पकडू नका, मारू नका, कळवा’ असं ठळक लिहून.

आणि हे होत नाही असं नाही. केरळात कोल्लम जिल्ह्यात अंचलला 2006 मध्ये एक बाई आणि तिच्या 17 दिवसांच्या जुळ्या मुली मारल्या गेल्या. आरोप दोघा फौजींवर, त्यातला एक त्या मुलींचा बाप असल्याचं सांगतात. दोघं पळाले. 19 वर्षं सापडले नाहीत. आणि 2025 च्या जानेवारीत सीबीआयनं पुदुच्चेरीत उचलले, नावं बदलून, लग्नं करून संसारात रमलेले. कसे सापडले तर केरळ पोलिसांनी जुने फोटो एआयवर घालून आत्ताचं वय धरून चेहरे बनवले आणि सोशल मीडियावरच्या फोटोंशी जुळवले, एका लग्नाच्या फोटोत चेहरा जुळला. 19 वर्षं जुनी केस. त्यांनी फाईल उघडी ठेवली म्हणून झालं. आमच्या केसला सातसुद्धा झाली नाहीत.

इथलं सांगू? म्हैसाळला 2022 च्या जूनमध्ये एका घरातली नऊ माणसं मेलेली सापडली. सगळा महाराष्ट्र आत्महत्या म्हणत होता आणि पोलिसांनी आठवड्याभरात विषप्रयोगाच्या संशयावरनं दोघांना उचललं. मनावर घेतलं तर खात्याला काय जमतं ते आम्ही ह्याच जिल्ह्यात बघितलंय. म्हणून तर राग येतो. जमत नसतं तर गप्प बसलो असतो.

आता मागण्या. मोघम नाहीत, प्रत्येकीवर हो किंवा नाही लिहून द्या.

हा तपास एका अधिकाऱ्याच्या नावावर करा, एलसीबीचा, म्हणजे जिल्ह्याच्या स्थानिक गुन्हे शाखेचा असला तर उत्तम, आणि बदली झाली तर चार्ज देताना ही फाईल नावानं लिहून द्या. तपास कुठवर आला ते 90 दिवसांत फिर्यादीला कळवायचं असं नव्या कायद्याच्या कलम 193 मध्येच आहे. ते आमच्या जुन्या केसला लागू होत नाही असं कुणी म्हणणार असेल तर म्हणू दे, मेसेज करायला बंदी तर नाही ना.

राहिलेल्या साक्षीदारांच्या साक्षी आत्ताच कोर्टात नोंदवून घ्यायला सरकारी वकिलांमार्फत अर्ज करा. त्यातच दुसरा अर्ज, फरार आरोपीच्या गैरहजेरीत खटला चालवायचा, नव्या संहितेचं कलम 356. आरोप निश्चित होऊन 90 दिवस थांबायचं, त्याला सरकारी खर्चानं वकील द्यायचा, सगळं त्यात लिहिलंय. जुन्या गुन्ह्याला, जुन्या चार्जशीटला ते चालतं का ह्याच्यावर वकिलांची दोन मतं आहेत, आमचेच वकील डोकं खाजवतात. कोर्ट ठरवेल. पण अर्जच केला नाही तर कोर्ट काय ठरवणार?

जप्तीचं काय झालं ते लेखी द्या, आणि झाली नसेल तर करा आणि सातबाऱ्यावर इतर हक्कात नोंद घाला. त्याला मयत घोषित करायचा दावा कुणी आणला तर सरकारनं हजर राहून सांगावं की हा माणूस फरार घोषित आरोपी आहे. त्याच्या भावांचे डीएनए घ्या. ठसे नाफिसला घाला. विमानतळांसाठी लुकआऊट नोटीस काढली का ते सांगा, गल्फमध्येपण आपली माणसं आहेत.

आणि पोस्टर. वय वाढवलेला चेहरा, तेजाबानं पिवळी पडलेली बोटं, डाव्या हाताच्या मनगटावर भाजल्याचा डाग, हे तुमच्या कागदात आहे, आम्हीच सांगितलंय. मराठीबरोबर हिंदी, कन्नड, तेलुगू, तमिळ, मल्याळम आणि बंगालीत. देशभरच्या सराफ असोसिएशनला आणि गलाईवाल्यांच्या संघटनांना खात्याच्या पत्रानं पाठवा. बक्षीस जाहीर करा, रक्कम कमी असली तरी चालेल, आमच्याकडचे लोक बक्षिसासाठी नाही पण सरकारी कागद बघून बोलतील.

गलाईच्या भावांनो, हे तुम्हीपण वाचत असाल. तुमच्या दुकानात 2019 नंतर आलेला, दिवाळीला गावाकडं न जाणारा, फोटो काढू न देणारा आपल्याकडचा कुणी कारागीर असेल तर त्याला काय बोलू नका, हात लावू नका, तिथल्या पोलिसांना कळवा. तो नसला तर कुणाचं काय बिघडत नाही.

साहेब, चैत्रातली खरसुंडीची यात्रा जवळ आलीय. त्याच्या आधी पोस्टर तयार झालं पाहिजे. भाषांतर करून द्यायला आमच्याकडं माणसं आहेत, प्रत्येक भाषेला गलाईतलाच एक पोरगा तयार आहे. छपाईचा खर्च आम्ही देतो. तुमच्याकडनं फक्त फोटो, फोन नंबर आणि सही शिक्का पाहिजे. उत्तर लेखी द्या, फोनवर नको.

आपला,
ताईचा भाऊ
विटा, ता. खानापूर, जि. सांगली